जुनी सेडान, साच्यावरची घड्याळं: प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

गाडी घरी आली. २०१४ चं मॉडेल, दोन लिटर डिझेल, आठ गिअरचं ऑटोमॅटिक, मीटरवर ७१,४०० किलोमीटर. सौदा ८ लाख ४० हजारांवर ठरला. कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की माणसं गाडी सोडून नावावर भांडतात.

मुंबईहून नाशिकला मीच चालवत आणली. कसारा घाटात ट्रकांच्या रांगेमागून बाहेर काढून पाय दाबला, तेव्हा अकरा वर्षं जुन्या गाडीत बसलोय हे विसरायला झालं. घाटनदेवीला थांबून नारळ फोडला. बॉनेटमधून किंचित तेलाचा वास येत होता. नवीन माणसाच्या घरात शिरल्यावर वेगळा वास येतो तसं असेल म्हणून सोडून दिलं. ती चूक होती.

आण्णांनी खाली येऊन गाडीभोवती एक फेरी मारली. बत्तीस वर्षं ते ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते, मिगच्या हायड्रॉलिक्सवर. त्यांनी रंग पाहिला नाही, सीट पाहिल्या नाहीत. एकच विचारलं, "किलोमीटर कमी आहेत ते दिसतंय. कॅलेंडर किती?"

विमानाच्या भागांना दोन हिशोब असतात, एक उड्डाणाच्या तासांचा आणि दुसरा वर्षांचा. रबरी होज किंवा सील एक तासही उडालं नसेल, तरी त्याची वर्षं भरली की काढून टाकायचं. लहानपणापासून ऐकतोय हे. गाडी घेताना मात्र मी मीटरच बघितलं. सर्व्हिस बुकात २०१९ पर्यंत शिक्के आहेत, पुढची पानं कोरी.

१६ फेब्रुवारी, रविवार

नाशकात वडाळा नाक्याजवळ चाचांचं गॅरेज आहे. तीस वर्षं याच कामात, त्यातली शेवटची पंधरा असल्या महागड्या गाड्यांवर. लॅपटॉप जोडला तर चौदा एरर. माझं तोंड बघून चाचा हसले. "साहेब, यातले अकरा बॅटरीचे आहेत. गाडी घाबरलीये, आजारी नाही."

बॅटरी डिकीत, उजव्या बाजूला खाली. २०१७ ची. या गाड्यांत दार उघडण्यापासून स्टिअरिंगपर्यंत प्रत्येक गोष्टीला आपापला छोटा संगणक आहे, आणि स्टार्ट मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेलं की प्रत्येक जण स्वतंत्र तक्रार लिहितो. माणसं ती यादी वाचून एबीएसचं युनिट बदलतात, स्टिअरिंगचं बदलतात, लाखभर घालवतात आणि शेवटी बॅटरी टाकतात. आम्ही आधी बॅटरी टाकली. एजीएम प्रकारचीच हवी, आणि टाकल्यावर गाडीला "नवीन आली" असं लॅपटॉपवरून सांगावंच लागतं, नाहीतर ती म्हाताऱ्या बॅटरीला देतात तसं जास्तीचं चार्जिंग नव्या बॅटरीला देत राहते. कोडिंग धरून २४,५०० रुपये. एरर चौदावरून तीनवर.

नंतर कुलूप लावून तासभर तशीच ठेवली आणि मल्टीमीटर लावला. झोपलेली गाडी २८ मिलिअँपिअर खात होती. पन्नासच्या आत म्हणजे ठीक.

एररसोबत तो कितव्या किलोमीटरला पडला तेही लिहिलेलं असतं. सगळ्यात जुना ३८ हजारांचा. तिथून आजपर्यंत आकडे ओळीने चढत गेलेत, कुठे मागे उडी नाही. मीटर खरं असावं. पण ७१,४०० ला अकरा वर्षांनी भागलं तर दिवसाला अठरा किलोमीटरही येत नाहीत. घर ते ऑफिस, मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये, थंड इंजिनावर. डिझेल गाडीला याहून वाईट आयुष्य देता येत नाही.

२ मार्च, रविवार

आज मजा आली.

मी अंबडला रबर-प्लास्टिकच्या मोल्डिंगमध्ये आहे. साच्यात एक बारीक गोल चकती बसवतात, तिला आम्ही डेट क्लॉक म्हणतो. गोलावर एक ते बारा महिने, मध्ये बाण, बाणाच्या दोन्ही अंगांना वर्षाचे आकडे. महिना बदलला की साचा चालवणारा स्क्रू ड्रायव्हरने बाण फिरवतो. त्याचा ठसा प्रत्येक भागावर उमटतो, नखाएवढा. वीस वर्षं मी ते बाण फिरवून घेतोय, पण गाडी घेतल्यावर ते शोधायचं डोक्यात आलं नव्हतं. सर्व्हिस बुक कोरं असलं म्हणून काय झालं, प्रत्येक प्लास्टिकच्या पाठीवर जन्मतारीख आहे.

टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडचा असतो तसा छोटा आरसा घेऊन पार्किंगमध्ये चार तास घालवले. उजवा हेडलाइट नोव्हेंबर २०१३. डावा ऑगस्ट २०१८. रेडिएटरच्या बाजूची टाकी जुलै २०१८. कूलंटची बाटली जुलै २०१८. डाव्या लोअर आर्मचं, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचं, रबरी बुश २०१८, उजव्याचं २०१३. सीट बेल्टच्या पट्टीवरचं लेबल दोन्हीकडे २०१३, म्हणजे एअरबॅग उघडायची वेळ आली नव्हती.

२०१८ च्या पावसाळ्यानंतर डाव्या कोपऱ्यावर कोणीतरी ठोकलीय. विकणारा म्हणाला होता, "जरा टचअप आहे, बंपरला." टचअप म्हणे.

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. कूलंटची बाटली एकटीच नवी निघाली असती, तर इंजिन कधीतरी तापून उकळलंय अशी शंका आयुष्यभर राहिली असती. हेडलाइट, रेडिएटर, बाटली, आर्म एकाच हंगामातले आहेत, म्हणजे कारण बाहेरून आलं, आतून नाही. चेसिसची मापं चाचांनी आधीच घेतली होती, ती बरोबर आहेत.

बाकी सगळं २०१३-१४ चं. थर्मोस्टॅट, वरचा होज, सक्शनचा पाइप, इंजिनाखालची सगळी पॅकिंग.

९ मार्च, रविवार

तेलाच्या वासाचा उगम सापडला. ऑइल फिल्टर हाऊसिंग इंजिनाच्या ब्लॉकला जिथे बसतं, तिथलं गॅस्केट. मोठं काम नाही, पण वरचा सक्शनचा पसारा काढावा लागतो.

गॅस्केट हातात आलं तेव्हा मी चाचांना म्हटलं, फेकू नका. नवीन असताना त्याचा कडा गोलसर, दाबला की परत उठणारा असतो. हा खाचेच्या आकाराचा चौकोनी होऊन बसला होता. सोमवारी कारखान्यात नेऊन ड्युरोमीटर लावला. नवीन गॅस्केटचा कडकपणा ७२ शोअर ए, जुन्याचा ८९. ८९ म्हणजे ट्रॉलीच्या चाकाचं रबर. बोटांत धरून वाकवलं तर काडीसारखं मोडलं, आवाजासकट. आमच्या धंद्यात याला कॉम्प्रेशन सेट म्हणतात. रबर दाबात आणि उष्णतेत इतकी वर्षं राहतं की दाबलेला आकार हाच आपला आकार असं त्याला वाटायला लागतं. परत उठत नाही, आणि मग तेल वाट काढतं. याला किलोमीटरशी देणंघेणं नाही.

मनात आलं, आपणच फ्लोरो रबरमध्ये एक काढू, दोनशे अंशाला हलणार नाही. मग साच्याचा खर्च मनातल्या मनात काढला. गॅस्केट अकराशे रुपयांना मिळतं. गप्प बसलो. मजुरी, तेल, फिल्टर धरून ९,२०० रुपये.

पण गोष्ट तिथे संपत नाही. झिरपलेलं तेल बरोबर खालच्या कूलंट होजवर पडत होतं. कूलंटचे होज ईपीडीएम रबराचे असतात. गरम पाणी, ग्लायकॉल, ब्रेक ऑइल त्याला चालतं. खनिज तेल मात्र चालत नाही, ते प्यायलं की ते फुगतं. होज अंगठ्याने दाबला तर पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा आत गेला. फॅन बेल्टवरही थेंब उडालेले होते, एका कडेचे धागे सुटलेले. हा बेल्ट तुटला की नुसती एसी आणि चार्जिंग जात नाही, चिंध्या फिरत फिरत क्रँकच्या सीलमधून आत गेल्याची उदाहरणं चाचांनी पाहिलीत. अकराशेचं गॅस्केट वेळेवर न बदलल्याची किंमत अशी वाढत जाते.

होज, बेल्ट, टेन्शनर, दोन पुल्या मिळून १७,८०० रुपये. बायकोने वही काढलीय. मी कारखान्यातून मोडकं गॅस्केट आणून उत्साहाने दाखवलं, तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, "आणि पुढचं काय मोडणारे?"

३० मार्च, गुढीपाडवा

गाडीला हार, काचेला गंध. काम काही नाही. आण्णांना घेऊन त्र्यंबकपर्यंत जाऊन आलो. येताना त्यांना लॅपटॉपचा छोटा भाऊ दाखवला, ओबीडीचा डोंगल, मोबाइलवर सगळे आकडे दाखवणारा. अर्धा तास सरळ रस्त्यावर चालून इंजिनाचं तापमान ७१ अंश. आण्णा म्हणाले, "छान थंड आहे की." नाही. ८८ च्या आसपास हवं.

२० एप्रिल, रविवार

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटची वाट अडवून धरणारी झडप, उघडाच अडकलाय. या गाडीत तापमानाचा काटाच नाही, फक्त तापली तर लाल दिवा. थंड चालली तर कोणी सांगणारं नाही. म्हणून हा रोग वर्षानुवर्षं लपून राहतो.

थंड चालल्याने बिघडतं काय? सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारी जाळी आहे, डीपीएफ. ती भरली की गाडी जास्तीचं डिझेल सोडून आत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता करते आणि काजळी जाळून टाकते. पण इंजिन पुरेसं गरम नसेल तर हे जाळणं सुरूच होत नाही. सुरू झालं आणि ऑफिस आलं म्हणून गाडी बंद केली, तर न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. मार्चमध्ये काढलेल्या तेलाला डिझेलचा वास होता आणि ते मापापेक्षा जास्त भरलं होतं. तेव्हा मला वाटलं आधीच्या मिस्त्रीने जास्त ओतलं. ते पातळ तेलच टर्बोला आणि टायमिंग चेनला जात होतं.

एका अडकलेल्या झडपेमुळे तीन महाग गोष्टी धोक्यात. इथे लोक चूक करतात ती अशी की डीपीएफचा दिवा लागला की जाळीच कापून फेकतात. नाशकात दोन ठिकाणी मला ती सेवा आपणहून सांगितली गेली, "कायमची कटकट मिटवतो" म्हणून. ते बेकायदेशीर आहे आणि मूळ रोग तसाच राहतो. आम्ही थर्मोस्टॅट बदलला. जुन्यावर घड्याळ डिसेंबर २०१३.

त्याच वेळी कूलंटच्या बाटलीच्या जोडावर पांढरी रेघ दिसली. वाळलेल्या कूलंटची. दोन अर्धी भांडी वेल्ड करून ही बाटली बनवतात आणि रोज गरम-थंड होऊन जोड केसाएवढा उकलतो. २०१८ ची होती, सात वर्षं टिकली. तीही बदलली. सगळं मिळून २१,४००. आता तापमान ८९, सुईसारखं स्थिर.

११ मे, रविवार

उन्हाचा कहर. दुपारी काम बंद, सकाळी सहाला चाचांकडे. उजव्या बाजूचे आर्म आणि बुश, दोन्हीकडच्या लिंक. सिंहस्थाच्या कामांसाठी उकरलेल्या रस्त्यांचा यात वाटा आहेच, पण २०१३ चं रबर कधीतरी जाणारच होतं. पुढचे आर्म ॲल्युमिनियमचे आहेत आणि काहींचं बुश वेगळं मिळत नाही, अख्खा आर्म घ्यावा लागतो. ३८,०००. आतापर्यंतची सगळ्यात मोठी पावती. यावर जास्त लिहावंसं वाटत नाही.

टायर. रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झालं तरी ऐंशीच्या वेगाने ऐंशी किलोमीटर जाता येतं अशी जाड भिंतीची. म्हणून कंपनी स्टेपनी देत नाही. टायरच्या भिंतीवरही चार आकडी तारीख असते, आठवडा आणि वर्ष. मागच्यांवर २२१६, २०१६ च्या बाविसाव्या आठवड्यातली. नक्षी भरपूर शिल्लक, भिंतीवर मात्र सुरकुत्या. विकणाऱ्याने नक्षीवर बोट ठेवून "नव्यासारखी" म्हटलं होतं आणि मी मान डोलावली होती.

साधी टायर घेतली, चार मिळून ३६,०००. डिकीत हवेचा पंप, पंक्चरचं किट आणि एक पातळ स्टेपनी. रन-फ्लॅटचे भक्त यावर नाराज होतील. त्यांनी एकदा द्वारका ते आडगाव साध्या टायरवर बसून जावं.

१५ जून, रविवार

पाऊस लागला. गोदेला पाणी चढलं की आमच्याकडे पहिला प्रश्न नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं हा. आज माझ्या गाडीत ते घोट्यापर्यंत होतं. डाव्या सीटपुढचा गालिचा दाबला की पिचकारी.

सनरूफच्या चारही कोपऱ्यांना पाणी उतरायला बारीक नळ्या असतात, खांबांच्या आतून खाली जाणाऱ्या. त्यांच्या तोंडाशी धूळ आणि पानांचा चिखल बसतो. मग पन्हळ तुंबल्यासारखं पाणी छताच्या आत वाहून थेट पायात येतं, आणि गालिच्याखाली कंट्रोल युनिट आणि वायरिंगचे जोड आहेत. यांत्रिक बिघाडापेक्षा या पाण्याने जास्त जुन्या गाड्या भंगारात गेल्या असतील असं चाचांचं मत.

हवेच्या पाइपने फुंकायचं नाही. आत नळीचा जोड निसटला तर छत उतरवावं लागतं. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी घेतली, टोक मेणबत्तीवर धरून गोल केलं आणि वरून हळूहळू सरकवत गेलो. डाव्या पुढच्या नळीत हातभर गेल्यावर मऊ काहीतरी लागलं. दोरी फिरवली, मागेपुढे केली, आणि खाली चाकाच्या कमानीतून काळ्या चिखलाची वळी बाहेर पडली, पाठोपाठ कॉफीच्या रंगाचं पाणी, मग स्वच्छ. त्या वळीत एक चिंचेचं पान अख्खं होतं. आमच्या बिल्डिंगजवळ चिंच नाही. मुंबईची चिंच असणार.

खर्च साठ रुपये, दोरीचा. गालिचा मात्र तीन दिवस पंख्याखाली होता. वहीत ही पहिली नोंद आहे जिला बायकोने बरोबरची खूण केली.

२९ जून, रविवार

समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जूनला सुरू झालाय. मुद्दाम गेलो. शंभरच्या स्थिर वेगात, सहाव्या-सातव्या गिअरला, अर्धा तास. मोबाइलवर काजळीचा आकडा बघत होतो, म्हणजे आण्णा बघत होते आणि मोठ्याने वाचत होते, कौंटडाउनसारखे. ३१ ग्रॅमवरून ९ वर आला. जाळीची कुरकुर तेवढ्यावर मिटली. आता महिन्यातून एकदा हा फेरफटका ठरलेला.

२० जुलै, रविवार

ऑइल सर्व्हिस, मार्चनंतर साडेचार हजारांतच. गाडीचा संगणक पंचवीस हजारांनंतर या म्हणतो. तो नव्या गाडीचा खर्च कमी दिसावा म्हणून लिहिलेला आकडा आहे असं माझं स्वच्छ मत. आपण दहा हजार किंवा वर्ष, जे आधी येईल ते. या वेळी लवकर केलं ते जुन्या डिझेल-मिश्रित तेलाचा अंश धुऊन निघावा म्हणून. तेल सी३, म्हणजे कमी राखेच्या दर्जाचंच, कारण साध्या तेलातली राख जाळीत बसते आणि ती जळत नाही. ९,०००.

इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या टायमिंग चेनची भीती सगळे घालतात. या इंजिनात चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे बदलायची तर गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवा. चाचांनी लांब स्क्रू ड्रायव्हर मागच्या बाजूला टेकवून मूठ कानाला लावली, मला ऐकवलं. मला सगळंच घरघर वाटलं. ते म्हणाले, "आज घासल्याचा आवाज नाही. पण गरम इंजिन खोटं बोलतं."

१० ऑगस्ट, रविवार

गिअरबॉक्स. कंपनीच्या पुस्तकात तेल "लाइफटाइम". कोणाची लाइफ ते लिहिलेलं नाही. हा आठ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं सांगते. किलोमीटर भरलेले नाहीत, कॅलेंडर कधीच भरलंय.

खालचा ट्रे प्लास्टिकचा, फिल्टर त्यातच बंदिस्त, म्हणून अख्खा ट्रे बदलायचा. उतरवल्यावर आधी त्याचं घड्याळ शोधलं. सप्टेंबर २०१३. आतल्या चुंबकांवर राखाडी लेप होता, बोटाला लोण्यासारखा मऊ, टोचणारा कण एकही नाही. चाचांनी बोटावर घासून वास घेतला आणि मान हलवली, चांगल्या अर्थाने.

भरताना घाई चालत नाही. इंजिन चालू, तेलाचं तापमान लॅपटॉपवर, ३० ते ५० अंशांच्या मध्ये असताना भरायच्या भोकातून बारीक धार यायला हवी. ३८ ला आली. धारेचा दोरा झाला, दोऱ्याचे थेंब झाले, तेव्हा बूच लावलं. २७,०००. वहीप्रमाणे एकूण १,८२,९६०. दुसरा गिअर पडताना जो बारीक धक्का बसायचा, तो गेला. तो धक्का होता हेही गेल्यावरच कळलं.

आण्णा खुर्ची टाकून बसले होते. ट्रे चढवायच्या आधी त्यांनी पिवळा पेंट मार्कर मागितला आणि ट्रेच्या पोटावर तारीख लिहिली. महिना, वर्ष, किलोमीटर. मग म्हणाले, बाकीच्यांवर कोण लिहिणार? संध्याकाळी थर्मोस्टॅट, बाटली, होज, आर्म, सगळ्यांवर लिहून झालं. बेल्टवर लिहू दिलं नाही.

राहिलेलं काम एकच. चेन. निफाडला पारा सहा-सातवर आल्याची बातमी आली की त्या सकाळी, रात्रभर उघड्यावर ठेवलेली गाडी, पहिला स्टार्ट. स्क्रू ड्रायव्हर घेऊन चाचा येणार आहेत. सहा वाजता, चहा माझ्याकडे.